मृगाआधी सेल बाहेर : कोल्हापूरच्या हवेत नाइट व्हिजनच्या बॅटऱ्या कशा सांभाळायच्या

रात्री बघायची दुर्बीण आपल्या जिल्ह्यात आता बऱ्याच घरांत दिसते. राधानगरी-दाजीपूरच्या कडेला गवे उसात, भातात उतरतात म्हणून राखणीसाठी घेणारे शेतकरी आहेत. आजरा-चंदगडकडे हत्ती कुठल्या अंगानं आला हे लांबूनच बघता यावं म्हणून घेणारे आहेत. शेतीची वीज रात्रपाळीला आली की मोटार चालू करायला अंधारात बांधावरून जावं लागतं, त्यांनाही वाटेत काय उभं आहे ते आधी कळलेलं बरं असतं. आणि माझ्यासारखे रानाच्या नादानं फिरणारे तर आहेतच.

आमच्या मित्रमंडळाची अशी साधनं सांभाळायचं काम माझ्याकडे आहे. त्यामुळे ‘दुर्बीण बंद पडली, बघा जरा’ म्हणून आजूबाजूचे लोकही माझ्याकडे येतात. दुर्बीण उघडली की बहुतेक वेळा दोष बॅटरीच्या कप्प्यातच सापडतो. आणि तो दोष रानात, वापरताना झालेला नसतो. चार महिने कपाटात ठेवलेली असताना झालेला असतो. आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याखाली भट्टी आणि जून ते सप्टेंबर भिंतीला ओल, अशी हवा आहे. सेल वापरताना जेवढा झिजतो त्याहून जास्त तो अशा हवेत नुसता पडून खराब होतो. म्हणून या लेखात वापरण्यापेक्षा ठेवण्यावर जास्त लिहिलं आहे.

१. आधी आपल्या यंत्रात काय बसतं ते ओळखा

बाजारात तीन जातीची यंत्रं मिळतात आणि तिघांची भूक वेगळी.

जुन्या पद्धतीचं, आत काचेची नळी असलेलं यंत्र चांदण्यांचा उजेड वाढवून हिरवट चित्र दाखवतं. ते फार कमी वीज खातं. एका पेन्सिल सेलवर अशी यंत्रं कित्येक रात्री चालतात. दुसरं डिजिटल यंत्र. त्यात कॅमेऱ्यासारखा सेन्सर आणि छोटा पडदा असतो, सोबत डोळ्याला न दिसणारा इन्फ्रारेड दिवा असतो. हे यंत्र तासांच्या हिशेबात चालतं. तिसरं थर्मल, अंगाच्या उष्णतेवर चित्र दाखवणारं. त्याला दिवा लागत नाही, पण सेन्सर आणि पडदा सतत चालू असल्यानं तेही तासांतच बॅटरी संपवतं.

आता कप्पा उघडा आणि माहितीपुस्तिकेशी ताडून बघा. बहुधा यांपैकी एक सापडेल:

- पेन्सिल सेल, साधा अल्कलाइन. १.५ व्होल्ट. पुन्हा चार्ज होत नाही. सगळीकडे मिळतो, पण लीक होण्यात हाच पहिला.
- पेन्सिल सेल, चार्ज होणारा निकेल-मेटल हायड्राइड. १.२ व्होल्ट. ‘लो सेल्फ डिस्चार्ज’ प्रकारातला घ्या. साधा असेल तर पडून पडूनच उतरतो.
- पेन्सिल सेल, चार्ज न होणारा लिथियम. १.५ व्होल्ट. महाग, पण हलका, लीक होण्याचा धोका फार कमी आणि वर्षानुवर्षं टिकणारा.
- सीआर१२३ए. ३ व्होल्टचा बुटका लिथियम सेल. हाही चार्ज होत नाही. साधारण दहा वर्षं टिकतो.
- १८६५०. १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब. ३.६ किंवा ३.७ व्होल्ट, पूर्ण भरल्यावर ४.२. हा चार्ज होणारा लिथियम-आयन.
- आत कायमची बसवलेली बॅटरी. काढता येत नाही, केबलनं चार्ज होते.

इथंच नवख्यांचा पहिला फास आहे. १४५०० नावाचा लिथियम-आयन सेल दिसायला हुबेहूब पेन्सिल सेल, पण भरल्यावर ४.२ व्होल्ट. तसाच १६३४० हा सीआर१२३एच्या मापाचा. ज्या यंत्रात दोन सीआर१२३ए मिळून ६ व्होल्ट अपेक्षित आहेत, त्यात दोन भरलेले १६३४० घातले तर ८.४ व्होल्ट जातात. सेल बसला म्हणजे चालतोच असं नाही. पुस्तिकेत त्या सेलचं नाव असेल तरच घाला. दुकानदार ‘चालतंय की’ म्हणाला तरी नाही.

२. जवळ ठेवायचं सामान

- व्होल्ट मोजायला डिजिटल मल्टिमीटर, साधा चालेल
- प्रत्येक सेलचा वेगळा हिशेब ठेवणारा चार्जर, व्होल्टेज दाखवणारा असेल तर उत्तम
- सेल ठेवायच्या प्लॅस्टिकच्या डब्या
- झाकणाला रबर असलेला, चारी बाजूंनी खटके लागणारा हवाबंद डबा
- हवेतली ओल शोषणारं, रंग बदलणारं सिलिका जेल, नारंगी ते हिरवं होणारं
- डब्यात मावणारा छोटा आर्द्रतामापक
- कापसाच्या काड्या, व्हिनेगर किंवा लिंबू, आयसोप्रोपिल अल्कोहोल
- सिलिकॉन ग्रीसची छोटी ट्यूब
- पर्मनंट मार्कर आणि एक वही
- खरेदीची पावती आणि माहितीपुस्तिका, त्याच डब्याजवळ

निळं सिलिका जेल स्वस्त मिळतं, पण त्याच्या रंगात कोबाल्ट क्लोराइड असतं. ते स्वयंपाकघरात तापवण्याजोगं नाही. नारंगीच घ्या.

३. सेल विकत घेताना

१८६५० सेल घेताना डोळे उघडे ठेवा. ‘९९०० एमएएच’ (सेलमध्ये किती वीज मावते त्याचं माप) असं झळकवणारे सेल ऑनलाइनही मिळतात आणि गल्लीतल्या दुकानातही. या मापाच्या सेलमध्ये एवढी वीज मावतच नाही. चांगल्या कंपन्यांचे सेल सर्वसाधारणपणे ३५०० एमएएचच्या आसपास थांबतात. आकडा जितका फुगवलेला, तितका माल हलका, आणि हलका म्हणजे अक्षरशः हलका. खऱ्या १८६५०चं वजन ४५ ते ५० ग्रॅम भरतं. खोट्यात आत लहान सेल आणि बाकी भर असते. घरात छोटा काटा नसेल तर गुजरीतल्या ओळखीच्या सराफाकडे जाऊन वजन करून घ्या. मी स्वतः तसंच करतो, आणि एका मिनिटात निकाल लागतो.

वेष्टनावर बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) खूण, आयएस १६०४६ हा क्रमांक आणि ‘आर’ पासून सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघा. जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतून सोडवलेले सेल कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नका. त्यांचं आयुष्य किती झालं आहे हे कुणालाच ठाऊक नसतं.

संरक्षक सर्किट असलेला १८६५० थोडा लांब असतो, ६८ ते ७० मिलिमीटर. काही यंत्रांत तो बसत नाही. कप्प्याचं झाकण जोर लावून लावायचं नाही, आटे जातात.

सेल घरी आला की मार्करनं त्यावर महिना-वर्ष लिहा. यंत्राला दोन सेल लागत असतील तर जोडी ठरवून ‘१अ, १ब’ असं लिहा आणि ती जोडी आयुष्यभर मोडू नका. जुना आणि नवा एकत्र घातला की दमलेला सेल आधी संपतो आणि ताजा सेल त्याला उलट्या दिशेनं ढकलत राहतो. अल्कलाइन असेल तर तो लीक होतो. सीआर१२३ए असेल तर तापून फुटूही शकतो.

४. चार्ज करताना

शहाबादी फरशीवर किंवा कडप्प्यावर, डोळ्यांसमोर, घरातलं कुणीतरी जागं असताना. गादीवर, उशीखाली, रात्रभर लावून नाही. खेडेगावात एखादी मोठी मोटार सुरू-बंद झाली की दाब वर-खाली होतो, तेव्हा चार्जर चांगल्या कंपनीचाच हवा. यंत्रात बसवलेली बॅटरी असेल तर त्याच्या केबलच्या तोंडाचा रबरी पडदा उघडून आधी आत ओल आहे का ते बघा. पावसातून आलेलं यंत्र लगेच चार्जिंगला लावू नका. तोंड पूर्ण वाळू द्या.

रानातून आल्या आल्या तापलेला सेलही लावू नका. हाताला कोमट लागतोय तोवर थांबा. लिथियम-आयन सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करणं म्हणजे त्याचं आयुष्य कापणं.

‘पूर्ण उतरवून मगच पूर्ण भरायचा’ हा सल्ला अजून ऐकू येतो. तो जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांचा. लिथियम-आयनला त्याचा उपयोग नाही, उलट तोटा आहे. ३ व्होल्टच्या खाली त्याला नेऊच नका. मल्टिमीटरवर २.५च्या खाली दिसला तर तो सेल बाद समजा. चार्जर बदलून, खटपट करून त्याला जागं करायचा प्रयत्न करू नका.

५. रात्री बाहेर असताना

हिशेब सोपा आहे. समजा सेल ३४०० एमएएचचा आहे आणि यंत्र तासाला ५०० एमएएच घेतं. म्हणजे पावणेसात तास. पण इन्फ्रारेड दिवा पूर्ण ताकदीवर लावला की हेच गणित कोसळतं. बांधावरून पन्नास पावलांवरचं बघायला सगळ्यात कमी पायरी पुरते. पडद्याचा उजेडही खाली आणा. बॅटरी वाचते आणि डोळ्याला अंधाराची सवयही राहते.

जादा सेल डबीत ठेवायचा. सुटा खिशात टाकला, त्यात किल्ली किंवा नाणी असली की टोकं जुळतात, आणि जुळलेला लिथियम सेल खिशात पेटतो. १८६५०चं रंगीत वेष्टन धन टोकाजवळ फाटलं असेल तर तो सेल वापरू नका. तिथं धन आणि ऋण यांत फक्त एका पातळ चकतीचं अंतर असतं.

एसी लावलेल्या गाडीतून गगनबावड्याच्या धुक्यात उतरलात तर यंत्र पिशवीतच अर्धा तास राहू द्या. गार यंत्र दमट हवेत आलं की काचेवर आणि सेलच्या टोकांवर दव धरतं. मे महिन्यात दिवसा गाडीच्या डॅशबोर्डवर मात्र एक मिनिटही ठेवू नका. काच बंद असलेल्या गाडीत तिथं ६० अंशांच्या वर सहज जातं.

आणखी एक, बॅटरीपलीकडचं. राधानगरी अभयारण्यात रात्री कुठलंही साधन घेऊन शिरायला वनखात्याची परवानगी लागते. राखणीचं यंत्र आपल्या बांधावर वापरा, आणि गवा दिसला तर मागे फिरा, वनखात्याला कळवा. दुर्बिणीत जवळ दिसतो म्हणून त्याच्या मागे जायचं नाही.

६. मृगाआधी यंत्र ठेवायची पद्धत

मृग नक्षत्र लागायच्या आधीचा रविवार मी यासाठी राखून ठेवतो. जूनच्या पहिल्या आठवड्यात हवा अजून कोरडी असते, त्यामुळे डबा बंद करताना आत ओल कोंडली जात नाही. पाऊस सुरू झाल्यावर बंद केलेल्या डब्यात पावसाळाच बंद होतो.

सेल बाहेर काढा. एवढं एकच केलंत तरी निम्मं काम झालं. यंत्र बंद असलं तरी आतलं घड्याळ आणि सर्किट थोडी थोडी वीज पीत राहतं. चार महिन्यांत त्यानं चांगला सेल तळाला जातो. अल्कलाइन असेल तर तळाला गेलेला सेल लीक होतो.

लिथियम-आयन अर्धा भरून ठेवा. पूर्ण भरलेला नको, रिकामा तर नकोच. मल्टिमीटरवर ३.७ ते ३.८ व्होल्टच्या दरम्यान दिसला की बरोबर. याचं कारण कळलं की कुणी विसरत नाही. पूर्ण भरलेल्या सेलच्या आत रासायनिक झीज सतत चालू असते आणि उष्णतेनं ती वाढते. २५ अंशांना ४० टक्के भरून वर्षभर ठेवलेला सेल जवळजवळ ९६ टक्के क्षमता राखतो. तोच पूर्ण भरून ४० अंशांत ठेवला तर साधारण ६५ टक्क्यांवर येतो. म्हणजे एकदाही न वापरता सेलचा तिसरा हिस्सा गेला.

निकेलचे पेन्सिल सेल भरून ठेवले तरी चालतात. दोन-तीन महिन्यांनी एकदा चार्ज करा.

आत बसवलेली बॅटरी असेल तर यंत्रावरच्या आकड्यात ५० ते ६० टक्के ठेवून बंद करा. गणपतीच्या आधी एकदा काढून बघा आणि उतरली असेल तर तेवढीच पुन्हा भरा.

रबरी कडी पुसा. कप्प्याच्या झाकणाला असलेली काळी कडी कोरड्या कापडानं स्वच्छ करा आणि सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात द्या. खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन नको. रबर फुगतं, सैल होतं, आणि मग पाणी अडत नाही.

डबा भरा. यंत्र, सिलिका जेलच्या पुड्या, आर्द्रतामापक. सेल वेगळ्या डबीत, वेगळ्या डब्यात. एखादा सेल बिघडलाच तर यंत्र वाचावं म्हणून. मापकावर ४० ते ५० टक्के दिसले पाहिजेत. साठच्या वर गेलं की काचेवर बुरशी धरायला लागते, आणि आतल्या काचेवरची बुरशी घरी निघत नाही. जेल हिरवं झालं की जाड तव्यावर मंद आचेवर, १२० अंशांच्या वर न जाऊ देता, परत नारंगी होईपर्यंत हलवत राहा. पूर्ण गार झाल्यावरच डब्यात घाला.

जेलच्या ऐवजी तांदूळ टाकणारे बरेच आहेत. तांदूळ ओल फारशी ओढत नाही आणि त्याची भुकटी बटणांच्या फटीत जाऊन बसते. मीठ तर मुळीच नको.

जागा निवडा. माळा नको, पत्र्याखाली तापतो. बाहेरच्या भिंतीला टेकलेलं कपाट नको, ओल येते. देवघराजवळ नको, तिथं दिवा आहे. घराच्या मधल्या भिंतीचं, मधल्या उंचीचं, लहान मुलांचा हात पोचणार नाही असं फडताळ बरं. यंत्राच्या रिमोटमध्ये नाण्यासारखा चपटा सेल असेल तर मुलांच्या बाबतीत फारच जपा. तो गिळला गेला तर काही तासांत अन्ननलिका जाळतो, थेट दवाखान्यात न्यावं लागतं.

फ्रिजमध्ये सेल जास्त टिकतात असं सांगणारे भेटतील. आपल्या दमट हवेत फ्रिजमधून बाहेर काढलेल्या सेलवर पाणी सुटतं. घरातली गार, कोरडी जागा पुरेशी आहे.

७. सेल लीक झालेला सापडला तर

गगनबावड्याच्या बाजूचे एक मामा दसऱ्याच्या सुमाराला दुर्बीण घेऊन आले होते. झाकण हातानं फिरेना. रबरी मोजा घालून हळूहळू फिरवलं तर आट्यांवर पांढरी भुकटी, कुरकुरीत, मिठासारखी. आतली स्प्रिंग हिरवी पडलेली, आणि चिमट्याचा धक्का लागताच तिचं टोक तुटून हातात आलं. दोन पेन्सिल सेलांपैकी एकच लीक झाला होता, पण खारट पाणी दोघांच्या मधून उतरून तळापर्यंत गेलं होतं. ‘आत सेल आहेत हे ध्यानातच नव्हतं,’ मामा म्हणाले. जून ते ऑक्टोबर ती दुर्बीण तशीच होती.

ती भुकटी अल्कलाइन सेलमधल्या पोटॅशियम हायड्रॉक्साइडपासून झालेली. कातडी आणि डोळ्याला ती जाळते, म्हणून हातमोजे आणि चष्मा घालूनच काम करा.

आधी सेल काढा आणि कप्प्याचं तोंड खाली धरा, म्हणजे काहीच आत उतरणार नाही. कापसाची काडी व्हिनेगरमध्ये किंवा लिंबाच्या रसात बुडवून, निथळून, टोकांवर फिरवा. फेस येईल, तो येऊ द्या. क्षार आम्लानं मरतो म्हणून हे चालतं. नुसतं पाणी ओतायचं नाही. भुकटी गेली की कोरडी काडी, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलची काडी. उरलेला काळपटपणा पेन्सिल खोडायच्या रबरानं घासा. पॉलिश पेपर लावू नका. टोकांवरचा मुलामा निघतो आणि पुढच्या पावसाळ्यात तीच जागा आधी गंजते. एक दिवस उघडं ठेवून वाळवा. स्प्रिंगच खचली असेल तर डागणीचं (सोल्डरिंगचं) काम येणाऱ्या कारागिराकडे द्या. मामांच्या दुर्बिणीला नवी स्प्रिंग बसली आणि ती चालू झाली, पण सर्किटपर्यंत पाणी गेलेल्या यंत्रांचं असं होत नाही.

लिथियम-आयन सेल मात्र स्वच्छ करून वापरायचा नसतो. फुगलेला, गोडसर वास येणारा, वेष्टन ओलसर लागणारा सेल किंवा पोट पुढं आलेलं यंत्र दिसलं की चार्जिंग बंद. घराबाहेर, जळण्याजोगं काही नाही अशा जागी न्या.

८. खंडेनवमीला बाहेर काढताना

खंडेनवमीला आपण हत्यारं-अवजारं पुसून पूजेला मांडतोच. त्याच दिवशी हाही डबा उघडा. क्रम असा:

आधी मापक आणि जेलचा रंग बघा. मग सेल मल्टिमीटरवर मोजा आणि वहीतल्या जूनच्या आकड्याशी ताडा. जोडीतला एक सेल दुसऱ्यापेक्षा बराच खाली आला असेल तर जोडीच बदला. सेल पूर्ण चार्ज करून अर्धा तास बाजूला ठेवा आणि पुन्हा मोजा. ४.२ वरून एवढ्यात ४ च्या खाली घसरला तर तो म्हातारा झाला. मग टोकं पुसून, धन-ऋण नीट बघून सेल घाला आणि संध्याकाळी घराच्या अंगणात तासभर यंत्र चालवा. नळीचं यंत्र असेल तर दिवसाउजेडी झाकण काढून चालू करू नका. तीव्र उजेडानं नळी जळते.

अंगणातल्या त्या तासात किती टक्के उतरले ते वहीत लिहा. पुढच्या वर्षी याच आकड्यावरून सेल बदलायचा की नाही ते ठरतं.

९. प्रवासात, आणि सेल बाद झाल्यावर

उजळाईवाडीहून विमानानं जाणार असाल तर सुटे लिथियम सेल हातातल्या बॅगेत न्यायचे, टोकांना टेप लावून किंवा डबीत घालून. सामानात दिलेल्या बॅगेत ते चालत नाहीत. एका बॅटरीची मर्यादा १०० वॉट-तास आहे. एमएएचला व्होल्टनं गुणा आणि हजारानं भागा. ३४०० चा १८६५० जेमतेम १२ वॉट-तासांचा, म्हणजे काळजी नाही.

बाद सेल घंटागाडीत टाकू नका. कचरा दाबताना लिथियम सेल चिरडला की गाडीच पेटते. बॅटरी कचऱ्यासाठी २०२२ पासून वेगळे नियम आहेत. वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे आणि त्या घरच्या कचऱ्यापासून वेगळ्या ठेवण्याची आपल्यावर. जिथून घेतले त्या दुकानात परत घेतात का ते विचारा, नाहीतर ई-कचरा घेणाऱ्या नोंदणीकृत केंद्रात द्या. तोवर दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून, पत्र्याच्या डब्यात कोरड्या वाळूत, घराबाहेर पण पाऊस लागणार नाही अशा ठिकाणी ठेवा. चार घरांचे सेल एकत्र जमले की एकाच खेपेत पोचवता येतात.